आडनाव पेणकर, गाव दिमोना : रायगडातून इस्रायलला गेलेल्यांची नातवंडं आपली गावं का शोधतात?

अलिबाग : पेणकर, रोहेकर, चौलकर, नवगावकर, किहीमकर, झिराडकर, अष्टमकर. ही आडनावं ऐकली की रायगडचा माणूस लगेच तालुका सांगतो. पण याच आडनावांची माणसं आज इस्रायलमध्ये अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद, रामला या शहरांत राहतात. घरात आणि बाहेर हिब्रू बोलतात. त्यांची मुलं अठराव्या वर्षी तिथल्या सैन्यात जातात. त्यांच्यापैकी काहीजण सुट्टी काढून आपल्या जिल्ह्यात येतात आणि गावात विचारतात, "आमच्या आजोबांचं घर कुठं होतं?"

गावातल्या तरुण पोरांना कळत नाही की दिसायला आपल्यासारखे आणि बोलायला परदेशी असे हे लोक कोण. म्हाताऱ्यांना मात्र माहीत असतं. "शनिवार तेल्यांची असतील," असं ते सांगतात. काहींच्या मनात शंका पण येते, जमीन मागायला तर आले नाहीत ना? हे लोक गेले का, तिकडे त्यांच्या मुलांचं काय झालं आणि नातवंडं आता काय शोधतात, हे समजून घेतलं तर शंका राहणार नाही. आपल्या गावाकडे त्यांची काय ठेव आहे, तेही कळेल.

कोण होते हे लोक?

हे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्यात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी की, फार पूर्वी चौल बंदराजवळ त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचून नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांना तिथंच पुरलं. नवगावला त्याचं स्मारक आहे.

पुढे ही कुटुंबं गावोगाव पसरली. घाण्यावर तेल गाळणं हा त्यांचा मुख्य धंदा. धर्माप्रमाणे शनिवारी काम करायचं नाही, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. त्यावरून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. ज्या गावात राहिले त्या गावाच्या नावाला 'कर' लावून आडनावं झाली. अशी गावावरून आलेली त्यांची आडनावं शंभराच्या वर आहेत.

बोली मराठी, बायकांचं लुगडं आणि मंगळसूत्र आपल्यासारखंच. सणांची नावंसुद्धा मराठी. ज्यूंच्या नवीन वर्षाला ते नव्याचा सण म्हणत. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाच्या दिवशी उपास करून तो वालाच्या बिरड्यावर सोडत, म्हणून तो बिरड्याचा सण. धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, मग मटणाच्या कालवणात नारळाचा रस. एलियाहू नबीच्या नावानं मलिदा करतात, त्यात पोहे, खवलेला नारळ, गोड आणि फळं असतात. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. १८८० पासून त्यांच्यात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं होऊ लागली.

इंग्रजांच्या काळात बरीच कुटुंबं मुंबईला गेली. पलटण, रेल्वे, सरकारी कचेऱ्या, गिरण्या इथं नोकरीला लागली. १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. आडनावावरून गाव ओळखता येईल.

मग गेले का?

इथं कोणी त्यांना त्रास दिला म्हणून ते गेले नाहीत. ज्यूंचा छळ झाला नाही अशा थोड्या देशांत भारताचं नाव घेतलं जातं, आणि ते लोक स्वतःही हे आवर्जून सांगतात. १९४८ साली इस्रायल देश झाला. १९५० साली तिथं कायदा झाला की जगातल्या कोणत्याही ज्यू माणसाला इथं येऊन नागरिक होता येईल. प्रार्थनेत शेकडो वर्षं ज्या जेरुसलेमचं नाव घेतलं तिथं जायला मिळणार, ही मोठी ओढ होती. त्यातच इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचं पुढं काय, याची काळजी. एका घरातला भाऊ गेला की मागून बहीण, आई-बाप गेले. हे जाणं मुख्यतः १९५० आणि १९६० च्या दशकांत झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास इथं साधारण वीस हजार बेने इस्रायल होते. आज भारतात काही हजारच उरले आहेत, तेही बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू आज सुमारे ८५ हजार धरले जातात. त्यात सगळ्यात मोठा गट आपल्या मराठी बेने इस्रायलांचा आहे. उरलेले मुख्यतः केरळातले कोचीनी आणि कोलकात्याचे बगदादी ज्यू.

पहिली पिढी : नोकरी गेली, पाव बदलला

तिथं उतरल्यावर बहुतेकांच्या वाट्याला तंबू आणि पत्र्याच्या खोल्यांच्या छावण्या आल्या. देश नवा, अन्नधान्य रेशनवर. नंतर दक्षिणेकडच्या वाळवंटी भागात नवी गावं वसवली गेली. दिमोना १९५५ चं, अश्दोद १९५६ चं. अशा ठिकाणी घरं मिळाली. मुंबईत टेबलावर बसून काम केलेल्या कारकुनाला तिथं कारखान्यात, रस्त्यावर, शेतात अंगमेहनतीचं काम करावं लागलं, कारण हिब्रू येत नव्हती. इंग्रजी आणि मराठी दोन्ही लिहिता-वाचता येणारा माणूस नव्या देशात एकदम निरक्षर ठरला.

रंगावरून भेदभाव झाल्याच्या तक्रारीही होत्या. युरोपातून आलेल्यांना पांढरा पाव आणि आम्हाला काळा, ही तक्रार त्या वेळी मुंबईच्या वर्तमानपत्रापर्यंत पोचली होती. १९५१-५२ साली बीरशेबाकडच्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं. आम्हाला परत भारतात पाठवा, एवढीच मागणी. १९५२ साली त्यांच्यातले शंभरावर लोक विमानानं मुंबईला परत आणले गेले.

आणि इथं आल्यावर? त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी थोड्याच काळात पुन्हा इस्रायलला जाऊ द्या म्हणून अर्ज केले. वाचताना हसू येईल, पण घर सोडलेल्या माणसाचं असंच होतं. तिकडे असताना इकडचं आठवतं, इकडे आलं की तिकडचं खुणावतं.

लग्नाला आडकाठी

सगळ्यात मोठा घाव बसला तो लग्नावरून. इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न फक्त धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या मार्फतच लागतं. आपल्यासारखं रजिस्टर लग्न तिथं नाही. १९६२ साली मुख्य रब्बींच्या कचेरीनं नियम काढला की बेने इस्रायल मुला-मुलीचं लग्न दुसऱ्या ज्यू घरात करायचं असेल तर आधी आईकडच्या मागच्या पिढ्या तपासायच्या. म्हणजे तुम्ही खरे ज्यू आहात का, ते आधी सिद्ध करा.

विचार करा. कोकणात शेकडो वर्षं शनिवार पाळला म्हणून गावानं ज्यांना शनिवार तेली म्हटलं, त्यांनाच त्यांच्या धर्माच्या देशात विचारलं गेलं की तुम्ही आमचे कशावरून? लोकांनी मोर्चे काढले, जेरुसलेमला धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेत खास चर्चा झाली आणि बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असं सरकारनं जाहीर केलं. त्याच महिन्याच्या शेवटी रब्बींनी नियमातून बेने इस्रायल हे नाव काढलं.

कागदावर विषय मिटला. पण त्या वेळी जी मुलं दहा-बारा वर्षांची होती, त्यांनी घरात हे सगळं ऐकलेलं होतं.

दुसरी पिढी : घरात मराठी, बाहेर गप्प

दोन संस्कृतींत वाढणं म्हणजे काय, ते या मुलांकडे बघून कळतं. शाळेत हिब्रू, घरात मराठी. सरकारी कचेरीत बापाला काही समजत नाही, म्हणून दहा वर्षांची पोरगी दुभाषा होऊन शेजारी उभी. आई-बापापेक्षा पोरांना जास्त कळतं, असं घर तयार झालं की घरातला मान उलटापालटा होतो. आई-बापाला ते लागतं. पोरांनाही अवघडल्यासारखं होतं.

त्या काळात तिथलं धोरणच असं होतं की आधीचं सगळं विसरा आणि एक व्हा, एक भाषा बोला. रस्त्यात आईनं मराठीत हाक मारली की पोरांना लाज वाटायची. डब्यातल्या मसाल्याच्या वासाची लाज वाटायची. यातल्या अनेकांनी पुढं स्वतःच्या मुलांशी मराठी बोलणंच बंद केलं. त्यांना वाटलं, आपल्याला जे सोसावं लागलं ते मुलांना नको.

सगळंच गेलं असं मात्र नाही. मलिदा टिकला. लग्नाआधीची मेंदी टिकली. बटाट्याची भाजी आणि नारळाच्या रसातलं कालवण टिकलं. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून अनेक वर्षं निघत आलं. महाराष्ट्र दिन साजरा होतो. दिमोना, अश्दोद, लोद इथं भारतीय ज्यूंनी क्रिकेट चालू ठेवलं. पण बघा, टिकलं ते मुख्यतः जेवणाचं, सणाचं आणि खेळाचं. रोजच्या बोलण्यातली भाषा आधी गेली.

काहींनी उलटा रस्ताही धरला. लोदमध्ये जन्मलेली गायिका लिओरा इत्झाक किशोरवयात भारतात संगीत शिकायला आली, हिंदी सिनेमासाठी गायली आणि पुढं इस्रायलला जाऊन तिथं भारतीय गाणी गाऊ लागली. आई-बापानं मागं ठेवलेलं मुलीनं उचललं, असं तिच्याबद्दल म्हणता येईल.

नातवंडं आताच का शोधतात?

तिसऱ्या पिढीला लाज नाही. त्यांचा जन्म तिथला, हिब्रू त्यांची स्वतःची, सैन्यात गेलेले, नोकरीधंद्याला लागलेले. तुम्ही आमचे का, असं त्यांना कोणी विचारत नाही. म्हणूनच त्यांना निवांतपणे विचारता येतं की आम्ही आलो कुठून. आजी होती तोपर्यंत विचारलं नाही, आणि आता सांगणारं कोणी नाही. हातात एखादा पिवळा पडलेला फोटो आणि एक आडनाव, एवढ्यावर ते येतात.

दुसरं कारण कागदाचं. भारतात दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, म्हणून तिथलं घेतल्यावर इथलं गेलं. पण मूळ भारतीय कुटुंबातल्यांना ओसीआय कार्ड मिळू शकतं. आई-बाप, आजी-आजोबा, अगदी पणजी-पणजोबांपर्यंत भारतीय मूळ दाखवता आलं तरी अर्ज करता येतो. हे कार्ड असलं की भारतात यायला दर वेळी व्हिसा लागत नाही. तिथं सैन्यात जाणं सक्तीचं असल्यामुळं या कार्डाला अडचण यायची. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेल अवीवला जाहीर केलं की सक्तीची सैनिकी सेवा केलेल्यांनाही कार्ड मिळेल. आता आजोबा भारतातले होते हे दाखवायला जुना पासपोर्ट, जन्माची नोंद किंवा शाळेचा दाखला असं काहीतरी लागतं. यातल्या काही नोंदी आपल्या गावात, नाहीतर तहसील कचेरीत असू शकतात.

जमीन मागतील का?

ही शंका स्पष्टपणे मिटवायला हवी. कोणी घर बघायला आलं, फोटो काढला, म्हणून सातबारा बदलत नाही. जमिनीचा हक्क फेरफार, खरेदीखत आणि वारसनोंद अशा कागदांवर चालतो. ओसीआय कार्ड मिळालं तरी मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसानं आलेली जमीन हा वेगळा विषय आहे, पण त्यालाही कागद लागतो. आजोबांची विहीर बघायला आलेल्या माणसाला घाबरायचं कारण नाही.

सांगितलेलं नाव का जुळत नाही?

गावात सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. पाहुणा एक नाव सांगतो आणि म्हातारे म्हणतात, असं कोणी नव्हतं इथं. त्याची कारणं अशी.

एक, हिब्रू लिपीत रोजच्या लिखाणात काना-मात्रा-वेलांटी बहुतेक लिहीत नाहीत, अक्षरं फक्त व्यंजनांची. पेणकर लिहिलं तर ते पनकर किंवा पिनकर असंही वाचता येतं.

दोन, त्या भाषेत ळ नाही, ण नाही, घ नाही. घोसाळकरचं गोसालकर होतं. च लिहायला अक्षराला वेगळी खूण लागते, ती गळली की च चा त्स होतो.

तीन, जुन्या काळी नावं मराठी वळणाची होती. सॅम्युएलला सामाजी, मोझेसला मुसाजी, बेंजामिनला बुनाजी म्हणत. नातू श्मुएल शोधतो आणि गावच्या दप्तरात असतो सामाजी.

चार, काही घरांनी गावाचं आडनाव सोडून वडिलांचं नावच आडनाव म्हणून लावलं. मग कागदावर गावाचा पत्ताच उरत नाही.

गावानं काय करावं?

असा कोणी आला तर पुढच्या गोष्टी करता येतील. यातल्या बहुतेक कामांना पैसे लागत नाहीत.

१) नाव जुळलं नाही तर लगेच नाही म्हणू नका. वडिलांचं, आजोबांचं नाव, घाणा होता का, घर कुठल्या आळीत होतं, असं विचारा. 'जी' लावलेली जुनी नावं आठवून बघा.

२) जिल्हा परिषद शाळेचं जुनं जनरल रजिस्टर आणि ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद यांची वाट दाखवा. कुणबी नोंदी शोधताना सगळ्यांना माहीत झालेलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, त्यातही जुने जन्म-मृत्यू असतात. त्यासाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. काही जुनी पानं मोडीत असतात, मोडी वाचणारा लागेल.

३) गावाच्या कडेला ज्यूंची जुनी दफनभूमी असेल तर तिथले दगड हलवू नका, बांधाला किंवा पायरीला वापरू नका. त्या दगडांवर बऱ्याचदा मराठी आणि हिब्रू दोन्ही मजकूर असतो. कुणाच्या तरी आजीचा तो शेवटचा पुरावा असू शकतो. पावसाळ्यानंतर झाडोरा काढला की मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

४) ऐंशीच्या पुढचे जे म्हातारे गावात आहेत, त्यांना या कुटुंबांबद्दल आठवत असेल ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. कोण कुठे राहायचं, घाणा कुठे होता, जाताना घर कोणाला दिलं. ही माणसं गेली की हे कुठल्याही कचेरीत मिळणार नाही.

५) पाहुण्यांचे पासपोर्ट, जुने दाखले यांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्यांचं ते खासगी आहे.

६) गावात काही सापडलं नाही तर अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मागेन आबोथ सिनेगॉगची वाट दाखवा. रेवदंडा, पेण, पनवेल इथंही सिनेगॉग आहेत. अलिबाग तालुक्यात खंडाळ्याजवळ एलियाहू नबीचं श्रद्धास्थान आहे. तिथं खडकावर रथाच्या चाकाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे.

आपल्याही घरचाच विषय

हे वाचून कोणी म्हणेल, त्यांचं ते बघतील, आपल्याला काय? पण आज रायगडात असं गाव शोधूनही मिळणार नाही ज्याची पोरं मुंबई-पुण्यात, आखातात किंवा आणखी लांब गेलेली नाहीत. त्यांची मुलं तिकडच्या शाळेत तिकडची भाषा शिकतात. गणपतीला गावी आली की आजीशी हिंदी-इंग्रजीत बोलतात, आणि आजी हसून मान डोलावते. बेने इस्रायलांच्या घरात जे तीन पिढ्यांत झालं, त्याची सुरुवात अशीच झाली होती. आधी भाषा गेली, मग गावाचं नाव नीट उच्चारता येईना, आणि शेवटी हातात आडनाव तेवढं उरलं.

त्यावर उपाय मोठा नाही. पोरं गावी आली की त्यांना मराठीत बोलू द्या, चुकली तर हसू नका. लाज वाटली की मूल ती भाषा सोडून देतं, हे त्या दुसऱ्या पिढीनं दाखवून दिलं आहे. आजोबांचं पूर्ण नाव, मूळ घर, शेत, वाडी यांची नावं एका वहीत लिहून ठेवा आणि त्याचा फोटो पोरांच्या मोबाईलवर पाठवा. दिमोनाच्या नातवाला जे शोधायला सुमारे चार हजार किलोमीटर यावं लागतं, ते आपल्या नातवंडांना घरबसल्या मिळेल.